नोराच्या घरचं सूप

ही गोष्ट मी वीस वर्षं टाळली. बायकोलाही सांगितली नाही.

आखातात, रास अल खोरच्या एका कोल्ड स्टोअरमध्ये मी स्टोअरकीपर होतो. त्या दिवशी बटाट्याचा अख्खा कंटेनर सडका निघाला. जेवणाच्या टेबलावर त्यावरून दुष्काळाचा विषय निघाला. मॅनेजर पुण्याचे. माझी जात त्यांनी आडनावावरून केव्हाच ओळखली होती. माझ्या डब्याकडे बघत म्हणाले, "इनको क्या फरक पडता था? इनके लोग तो मरा हुआ जानवर भी खा लेते थे."

सगळे हसले. मीही हसलो. मग नोरासाठी त्यांनी तेच इंग्रजीत सांगितलं.

नोरा आयर्लंडची, माल तपासायची. ती हसली नाही. तिला माहीत होतं. महिन्याभरापूर्वी गोदामात मीच तिला सांगितलं होतं, की माझ्या आजीने दुष्काळात मेलेल्या बैलाचं मांस वाळवून पोरं जगवली. तेव्हा तिनेही आपल्या घरचं सांगितलं. तिकडे दीडशे वर्षांपूर्वी बटाटा शेतातच काळा पडला. माणसं गवत खाऊन मेली. दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचे काही पाद्री सूप द्यायचे, पण त्यासाठी धर्म बदलावा लागायचा. तिच्या एका पूर्वज बाईने पोरांसाठी ते सूप घेतलं.

"गावात आम्हाला अजून सूपवाले म्हणतात," ती म्हणाली. "इथे कुणाला बोलू नकोस."

टेबलावरचं हसू थांबेना. ते माझ्यावरून हटावं म्हणून मी इंग्रजीतच बोललो, "सर, हिला विचारा. हिच्या लोकांनी वाटीभर सूपासाठी धर्म विकला."

हे म्हणणारा मी. माझ्या बापाने माणूस म्हणून जगता यावं म्हणून धर्म सोडला होता.

"वा, हबीबी," म्हणत मॅनेजरनी पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला आवडला. हे लिहायला सगळ्यात जड जातं.

नोरा डबा बंद करून उठली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर पुन्हा तेच बोलू लागले. मी उभा राहिलो. "सर, माझ्या आजीने मेलेला बैल खाल्ला म्हणून मी आज इथे आहे. यावर पुन्हा हसायचं नाही." पण नोरा तिथे नव्हती. ती आता गाडीत बसून जेवायची.

तीन महिन्यांनी ती नोकरी सोडून गेली. निरोपाच्या कार्डावर मी 'ऑल द बेस्ट' लिहिलं.

आता त्याच शहरात अल बर्शाला मुलाकडे असतो. नात विचारते, "आजोबा, हू वेअर अवर पीपल?" मी आजीचं सांगतो, बैलासकट. नोरापाशी आलो की गप्प व्हायचो. यापुढे होणार नाही. नातीला हेही कळलं पाहिजे, की अपमान झालेला माणूससुद्धा दुसऱ्याचा करतो.

कार्डावर लिहायचं होतं ते वेगळंच होतं. नोरा, माझ्यावरचं हसू चुकवायला मी तुला पुढे ढकललं. मला माफ कर.