मामांच्या फोनवरचं एक हजार एकोणनव्वद

कुठं हळद शिजत असली की त्या वासानं मला कळमनुरीच्या आमच्या घरात झालेला बघण्याचा कार्यक्रम आठवतो. मुलाच्या मामांनी विचारलं, "पोरी, तुला काय काय येतं?" मला राग आला. मी एक आकडा चिठ्ठीवर लिहून मुलाच्या आईकडे दिला आणि मामांना त्यांच्याच फोनवर कॅल्क्युलेटर उघडायला लावलं. "पहिला अंक शेवटच्याहून बराच मोठा असलेली तीन अंकी संख्या घ्या. ती उलटी करून वजा करा. आलेलं उत्तर उलटं करून त्यातच मिळवा." मामांनी एका बोटानं सगळं केलं. चिठ्ठी उघडली, तर फोनवरचाच आकडा, १०८९! "हिनं तर मनातलं वळखलं," मामा ओरडले. मुलानं मात्र फोन घेऊन दोनदा करून पाहिलं. "दर बारीला हेच येऊन राहिलं. काहून?" कॉलेजपासून हा खेळ करत होते, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं. "मलाबी न्हाई माहीत," मी म्हणाले. मग चिठ्ठीच्या पाठीवर आम्ही दोघं आकडे मांडत बसलो. वजाबाकीत मधे नेहमी नऊच येतो हे मला दिसलं, टोकाचे दोन अंक मिळूनही नऊच होतात हे त्यानं उलगडलं. चहा तसाच गार झाला. पुढं पत्रिका जुळली नाही आणि ते स्थळ सुटलं. आज त्याचा चेहरा मला आठवत नाही, पण त्याचं अक्षर मी कुठंही ओळखीन.