दवा-दारूतली दारू

दारूविषयी आमच्या साडूंइतका अभ्यास केलेला माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात सापडणार नाही; प्रयोगासाठी त्यांनी स्वतःचंच शरीर दिलं होतं. सेनगावला त्यांचं मोटारी बांधायचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीतली तार काढून नवी भरायची, म्हणजे नाजूक काम. "दोन घोट पोटात गेल्याबिगर तार सरळ बसत न्हाई," हा त्यांचा पहिला सिद्धान्त. दारू हिवाळ्यात ऊब देते आणि उन्हाळ्यात थंडावा, हा दुसरा. एकच वस्तू दोन्ही कामं कशी करते, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "माठ बी तसाच असते का न्हाई?" माठाचा आणि उबेचा संबंध मला अजून लागलेला नाही. डॉक्टरकडे चला म्हटलं की उत्तर तयार: "लोकं दवा-दारू करा म्हन्तेत. निम्मं तर मी करूनच राहिलो!"

शेवटी माझ्या मेव्हणीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, लेकीला घेऊन माहेरी जायची पिशवी भरली, तेव्हा साडू व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाले. पण थाट असा, की जणू तपासणीला आलेले साहेब. डॉक्टरांनी सांगितलं, हात कापतो तो दारू उतरते म्हणून, आणि परत घेतली की थांबतो.  संध्याकाळी साडूंचा मला फोन: "साडूभाऊ, ज्यानं मोटार जाळली त्योच दुरुस्तीला येऊन राहिला व्हता, अन् मी त्यालाच मजुरी देत व्हतो!" पुढे दर भेटीला एकेक सिद्धान्त गळालेला असे. दारूनं झोप लागते हा गेला, भूक लागते हा गेला, हिंमत येते हाही गेला, आणि प्रत्येक कसा गळाला हे ते शेजाऱ्याची फजिती सांगावी तसं रंगवून सांगत.

एक मात्र ते सोडेनात. घरच्यांना बोलावलं होतं त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, "बाकी समदं कबूल. पन पेलो की मी मायाळू व्हतो. लेकीला जवळ घेतो, गानं म्हन्तो. ते आता कुठून आनू?"

मेव्हणी खाली बघत म्हणाली, "तुमी जवळ घेतलं की ती श्वास धरून बसायची. तुमी झोपले की मंग सोडायची."

 साडूंचा चेहरा मला बघवेना.

घरी आले तेव्हा हात स्थिर झाला होता, पण बोलणं पार आटलेलं. "लेकीसंगं काय बोलत असतेत हो?" असं मला फोनवर खरोखरीच्या कुतूहलानं विचारत. शाळेचं विचारा, म्हटलं. आणखी काय सांगणार? तुरीच्या शेंगांच्या दिवसांत आम्ही सेनगावला गेलो, तर बापलेक ओट्यावर उकडलेल्या शेंगांचं ताट घेऊन बसलेली. दोघांत एक शब्द नाही. निघताना साडू जीपपर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "नुसतं बसलं तरी चालते म्हन्ली. इचारलं मी तिला."

 ते परत ओट्यावर गेले, लेकीपासून हातभर अंतर ठेवून बसले. आमची जीप निघता निघता तिनंच ताट त्यांच्याकडे सरकवलं.