मार गाडीनं खाल्ला

"हा पत्रा हाये का पापड हाये?" असं म्हणत सुपडू नानांनी गाडीच्या मागच्या दारावर मूठ हाणली. गाडीच्या पुढच्या भागाकडे बघायची त्यांची हिंमत होत नव्हती, म्हणून सगळा राग मागच्या दारावर निघत होता.

धुळ्यातल्या एका वर्कशॉपच्या यार्डात आम्ही चौघं उभे होतो. नाना सावद्याचे, केळीवाले शेतकरी. त्यांची मुलगी मनीषा, साक्री तालुक्यात सरकारी पशुवैद्य. वर्कशॉपचा फोरमन गोकुळ. आणि मी, मोटार सर्व्हेअर. गाडी ठोकली की विमा कंपनी मला पाठवते. नुकसान किती झालं, कसं झालं, आणि सांगितलं तसंच झालं का, एवढं बघून मी रिपोर्ट देतो. रिपोर्ट जाईपर्यंत लोक मला चहा पाजतात. नंतर रस्त्यात दिसलो तरी ओळख देतीलच असं नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी मनीषा एका पाड्यावरून अडलेली म्हैस सोडवून परत येत होती. वळणावर समोरच्या दिशेनं आलेला एक ट्रॅक्टर बंद पडून उभा होता, दिवे नव्हते. तिनं गाडी डावीकडे घेतली, पण उजवा कोपरा ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाला बसला. उजवा कोपरा म्हणजे ड्रायव्हरची बाजू. बोनेट घडी घातल्यासारखं झालं होतं, हेडलाइट कुठे होता ते शोधावं लागत होतं, आणि इंजिन खाली मागे सरकलं होतं. मनीषा मात्र माझ्यासमोर उभी होती. उजव्या खांद्यापासून तिरका निळा वळ आणि सुजलेला गुडघा, बस.

"माझं ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती," नाना म्हणाले. "मी जाड पत्र्याची गाडी दाखवली होती इले. आमची जुनी जीप दोनदा बैलगाडीले ठोकली, साधा पोचा नही पडला. हिनं मोबाईलवर स्टार पाहिले नि ही घेतली. आता पुरे झालं. गाडी बी नको नि साक्री बी नको. राजीनामा दे नि घरी चाल."

मी कॅमेरा काढायला बाजूला गेलो तेव्हा मनीषा मागून आली.

"सर, तुमच्या तोंडून गाडी कच्ची होती असं निघालं, तर माझी नोकरी गेली समजा. मी ज्या पाड्यांवर जाते तिथं एसटी जात नाही."

"माझ्या तोंडून जे दिसेल तेच निघेल, मॅडम."

"तेवढंच पाहिजे," ती म्हणाली. 

मला ती मुलगी तिथंच आवडली. नाहीतर लोक माझ्या कानात काय काय सांगतात ते लिहिलं तर वेगळं पुस्तक होईल.

मी पुढून सुरुवात केली. हल्लीच्या चांगल्या गाड्यांचा पुढचा भाग दबण्यासाठीच बनवलेला असतो. त्याला क्रम्पल झोन म्हणतात. धडकेचा जोर कुठेतरी जिरला पाहिजे. तो लोखंडात जिरला नाही तर माणसाच्या बरगड्यांत जिरतो. बोनेटखाली दोन्ही बाजूंनी लांब पोलादी दांडे असतात. ते कुठे, कोणत्या क्रमानं वळावेत हे डिझाइन करणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं. मी वाकून उजवा दांडा पाहिला. जिथं वळायला हवा तिथंच वळला होता. इतकं नीट काम बघून, खरं सांगतो, मला टोपी काढावीशी वाटली. टोपी मी घालत नाही ती गोष्ट वेगळी.

नवी गाडी बाजारात आली की तिची क्रॅश टेस्ट होते, म्हणजे तसल्या एक-दोन गाड्या मुद्दाम ठोकून बघतात. ताशी चौसष्ट किलोमीटरच्या वेगानं, आणि पूर्ण तोंड नाही, ड्रायव्हरच्या बाजूचा निम्म्याहून कमी भाग अडथळ्यावर. हा अपघात सर्वांत वाईट, कारण सगळा जोर एका कोपऱ्यावर येतो. आत माणसाच्या मापाचे पुतळे बसवलेले असतात, त्यांच्या अंगभर सेन्सर. नंतर डोकं, छाती, मांडी, पाय, एकेका अवयवाला रंग देतात. हिरवा म्हणजे निभावलं. लाल म्हणजे काय ते सांगायला नको. आणि शेवटी गाडीच्या सांगाड्यावर शेरा मारतात, स्थिर राहिला की नाही. या सगळ्यावरून गाडीला स्टार मिळतात, मनीषानं मोबाईलवर पाहिले ते हेच. शोरूममध्ये दोन गाड्या शेजारी उभ्या असतात, दोन्हींत एअरबॅग, दोन्ही सारख्याच चकचकीत. ठोकल्यावर एकीची माणसं बसायची जागा शाबूत राहते आणि दुसरीच्या छताचा खांब काडीसारखा मोडतो. वरून बघून हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. मूठ मारून तर नाहीच नाही.

"नाना, ड्रायव्हरचं दार उघडा," मी म्हणालो.

"जाम असंल ते."

"उघडून तर बघा."

नानांनी पाय रोवले, दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि विहिरीतून मोटर ओढल्यासारखं दार ओढलं. दार सहज उघडलं आणि नाना मागे गोकुळच्या अंगावर गेले.

गोकुळ त्यांना सावरत म्हणाला, "सायेब, क्रेनवरथून उतारी तवय भी असंच उघडनं. मी ते कटर काढी ठेवेल व्हतं."

धडकेनंतर दार हातानं उघडणं ही साधी गोष्ट नाही. टेस्टमध्येही ते बघतात. पुढच्या काचेच्या कडेनं छताकडे जाणारा खांब असतो, त्याला आम्ही ए-पिलर म्हणतो. तो वाकला की दार अडकतं आणि माणूस आत अडकतो. या गाडीचा खांब सरळ होता. स्टिअरिंग जागेवर होतं. पेडल थोडे मागे आले होते, त्यानं पाय वर ढकलला जाऊन मनीषाचा गुडघा डॅशबोर्डला आपटला होता. सीटच्या पुढची जागा जवळजवळ होती तेवढीच होती.

यार्डाच्या भिंतीलगत दुसरी एक गाडी उभी होती, वेगळ्या कंपनीची. मी नानांना तिच्याकडे नेलं. तिचं बोनेट मनीषाच्या गाडीपेक्षा पुष्कळ बरं दिसत होतं. 

"ही चांगली राह्यली," नाना लगेच म्हणाले.

"आत बघा."

स्टिअरिंग सीटला टेकायला आलं होतं. खांब मधोमध कोपरासारखा वाकला होता. दार कापून काढलेलं, ते मागच्या सीटवर ठेवलं होतं.

"इचा ड्रायव्हर?"

"नाशिकच्या हॉस्पिटलात. जगेल म्हणतात. पायाचं अजून सांगत नाहीत."

नाना बराच वेळ आत बघत राहिले. मग मनीषाच्या गाडीकडे परत चालू लागले.

तेवढ्यात विमा कंपनीतल्या साहेबांचा फोन आला. फोटो त्यांना पोचले होते.

"खांब सरळ दिसतोय. रिपेअर होईल ना?"

"सर, पुढचा उजवा दांडा पुरता गेला, डावाही ओढला गेलाय. ओढून सरळ होतील, पण पुन्हा तसे दबणार नाहीत. पुढच्या वेळी आतला माणूस दबेल."

"म्हणजे टोटल लॉस?"

"टोटल लॉस." टोटल लॉस म्हणजे गाडी दुरुस्त न करता तिची भरपाई द्यायची. साहेबांनी थोडी कुरकुर केली आणि मान्य केलं. ते बिचारेही वरच्याला उत्तर देतात.

आता बेल्ट आणि एअरबॅग बघायचे राहिले होते. बेल्टच्या पट्टीवर ताण पडल्याचा चकचकीत ओरखडा होता आणि पट्टी होती तिथंच घट्ट अडकून बसली होती. धडक बसताक्षणी बेल्ट माणसाला सीटकडे ओढून धरतो, आणि मग एअरबॅग त्याला झेलते. दोघं मिळून काम करतात. बेल्ट नसेल तर माणूस आधीच पुढे फेकला जातो, आणि फुगणारी पिशवी त्याच्या तोंडावर ठोशासारखी बसते.

गाडीची कागदपत्रं काढायला मी समोरचा खण उघडला. आत दोन सोनेरी क्लिपा होत्या. अॅक्सेसरीच्या दुकानात मिळतात तशा, नुकत्याच घासल्यासारख्या चमकणाऱ्या. बेल्ट न लावता ही क्लिप त्याच्या खाचेत खुपसली की गाडीला वाटतं बेल्ट लावलाय, आणि टुंगटुंग बंद होते. आपल्याकडे नव्या गाडीला हार, लिंबू आणि ही क्लिप एकाच दिवशी लागते.

"या कोणाच्या?" मी विचारलं.

नाना क्लिपांकडे बघत म्हणाले, "म्या लावल्या होत्या. पूजेच्या दिवशी. लई आवाज करे ती."

"मग काढल्या कोणी?"

"मी," मनीषा म्हणाली. "तुम्ही सावद्याला परत गेलात त्याच संध्याकाळी."

नाना तिथल्या जुन्या टायरांच्या चळतीवर बसले. गोकुळनं पाणी आणून दिलं, ते त्यांनी हातात तसंच धरून ठेवलं. मग मुलीला जवळ बोलावलं आणि तिच्या खांद्यावरच्या वळाला बोट लावलं.

"दुखते का?"

"दुखतं थोडं."

अपघात झाल्यापासून त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं. सकाळपासून ते गाडीवर ओरडत होते, कारण मुलीकडे बघितलं असतं तर रडू आलं असतं. नाना आता खरंच रडले. मी उगाच चेसिस नंबर पुन्हा तपासायला लागलो.

थोड्या वेळानं ते स्वतःच बोलले. "पह्यले आम्ही ट्रकात केयीचे घड भरायचो, तव्हा खाली पाल्याची जाड गादी टाकायचो. दिल्लीले माल उतरला की पाला पार चेंदामेंदा होये. घडाले डाग नसे. कोन्ता व्यापारी पाल्यावर रागावला नही कधी."

"मग?" मनीषानं विचारलं.

"मग काय. मार गादीनं खाल्ला." त्यांनी पाणी पिऊन टाकलं. "राजीनाम्याचं राहू दे सध्या."

क्रॅश टेस्टवर मी बरंच वाचलं आहे, वर्कशॉपच्या पोरांना दोन-चार वेळा समजावूनही सांगितलं आहे. इतक्या थोडक्यात मला कधी जमलं नाही.

पुढे क्लेम मंजूर झाला. त्यानंतर काही दिवसांनी मला नानांचा फोन आला, जळगावच्या एका शोरूममधून. आवाज चढलेला होता.

"साहेब, हा पोरगा म्हणते, या गाडीचं तोंड बिलकुल दबत नही. मग मी कशाले घेऊ?"

मागून सेल्समनचा केविलवाणा आवाज येत होता. "काका, दबत नाही म्हणजे मजबूत आहे. एकदम रणगाडा."

"रणगाड्यात पोरगी बसवू का मी? न दबनारं लोखंड तिच्याच अंगावर येईन ना."

मी म्हणालो, "नाना, फोन त्याला द्या." सेल्समनला सांगितलं की बाबा रे, तुझ्या गाडीचा टेस्ट रिपोर्ट आणि व्हिडिओ काढून दाखव. खांब सरळ राहिलेला दिसला तर हे गिऱ्हाईक चावी घेऊनच उठेल. तो म्हणाला, रिपोर्ट आजपर्यंत कोणी मागितलाच नव्हता, शोधावा लागेल. 

नानांनी फोन परत घेतला. "शोधू द्या त्याले. मी बसलो हाये. पन जरा लवकर कर म्हना, साक्रीले ढोरं डॉक्टरीनबाईची वाट पाहू राह्यले."