बाबांचं विमान

आमच्याकडे धानाच्या रोवणीला बाया वाकल्या की बाबा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून सिनेमा सांगत. सकाळी बायांची गाणी चालत, पण दुपारनंतर कंबरा दुखायला लागल्या की त्याच ओरडायच्या, "भाऊ, आता पिक्चर लावा ना!" मग हिंदीत उतरवलेला, एका इंग्रज गुप्तहेराचा सिनेमा सुरू व्हायचा. दरेकशाहून पॅसेंजरने गोंदियाला जाऊन बाबा तो पाहून यायचे. त्या गुप्तहेराचे सिनेमे संपतच नसत. हिरो म्हातारा झाला की नवा आणत, गोष्ट तीच. बाबांच्या तोंडून मात्र ती धानाची अख्खी बांधी रोवून होईस्तोवर चालायची. विमान पेटायचं, मोटार दरीत जायची, आणि एखादी बाई रोवण्यात मागे पडली तर हिरो तिच्यासाठी पाण्याखाली श्वास रोखून थांबायचासुद्धा.

मग बाबांना लकवा झाला. डावी बाजू गेली, बोलणं अडखळू लागलं. त्याच हिवाळ्यात गोंदियात त्या गुप्तहेराचा नवा सिनेमा लागला. मी तिथे कॉलेजात जात होते. बाबा म्हणाले, "पाहून ये. पहिल्यापासून पाहजो."

सिनेमा अगदीच टाकाऊ निघाला. कोण कोणाच्या मागे पळतंय ते कळेना, आणि व्हिलनला नेमकं काय हवंय हे त्यालाही ठाऊक नसावं. मी चिडून, उपाशी घरी आले. बाबा उशीला टेकून बसले होते. आईकडून त्यांनी धुतलेला शर्ट घालून घेतला होता.

"कसा होता वं?"

"फालतू. पाहण्यासारखा नाहीच."

"मी कुठं पाहून राहिलो? तू सांग ना."

"सांगाले काईच नाही, बाबा. दोन मारामाऱ्या, एक आग, संपला."

"मंग, विमान?"

"नाही विमान."

"बरं," म्हणाले, आणि आईच्या आधाराने आडवे झाले. मी जेवायला बसले. चांगलं-वाईट आपल्याला कळतं याचा मला तेव्हा फार तोरा होता.

पुढच्या रोवणीआधीच बाबा गेले.

काही वर्षांनी टीव्हीवर त्याच गुप्तहेराचा एक जुना सिनेमा लागला. बाबांनी तो दोन बांध्या पुरवून सांगितला होता, म्हणून मी आणि आई शेवटपर्यंत बसलो. मी पाहिला होता त्याहूनही रद्दी. पाण्याखाली कोणी थांबलं नाही. विमान निमूट उतरलं, माणसं बॅगा घेऊन बाहेर पडली.

"पेटलं कसं नाही?" आई म्हणाली.

ते बाबांनी पेटवलं होतं, धुऱ्यावर उभं राहून, दमलेल्या बायांसाठी. अंथरुणावरून त्यांनी माझ्याकडे तेवढंच एक विमान मागितलं, आणि मी नाही म्हणाले.