कापसानं पोसलेला आवाज

मी चौदा वर्षांची असताना आमच्या घरात कापूस राहायला आला आणि माणसं यायची बंद झाली. कळंबजवळच्या आमच्या गावात त्या साली कापसाला भावच नव्हता. बाबा म्हणाले, भाव येईस्तोवर चिमूटभरही विकायचा नाही. मग काय, ओसरी, माजघर, देवघर, सगळं आढ्यापर्यंत भरलं. देवाला एक कोनाडा उरला, तोही नाकापर्यंत. मी स्वतः देवाला शिंकताना ऐकलंय.

घरात कापूस असला की विस्तवाला मनाई. चूल निंबाखाली गेली, आणि बिडी ओढणाऱ्याला फाटकातूनच परत पाठवायचं ठरलं. आमच्या गावात बिडी न ओढणारे दोनच, त्यातला एक पारावरचा मारुती. दुसरा कोण, ते अजून शोधतेय. आईबाबा दिवसभर शेतात, राखणीला मी. शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या. असे दोन हंगाम.

कापसानं भरलेल्या खोलीत तुम्ही कधी बोलला आहात का? कापूस आवाज पितो. "काय व" म्हटलं की शब्द ओठावरून उतरायच्या आत गडप. म्हणून मी मोठ्यानं बोलायची, मग आणखी मोठ्यानं. उत्तर द्यायला कोणी नाही, तर तेही मीच द्यायची. पुढे पुढे माझी आणि ढिगाची भांडणं व्हायला लागली. एकदा आठवडाभर अबोला होता. त्या आठवड्यात मात्र मी खरंच रडले.

माझी मुलगी नर्सिंग शिकते. ती सांगते, त्या वयात मेंदू माणसांत वागायच्या वाटा पाडत असतो. माणसंच नसली तर त्या अर्धवट राहतात आणि मोठेपणी वागण्यात दिसतात. मी म्हटलं, माझ्या पडल्या ग, पण सगळ्या फिरून माझ्याच दारात.

पुढे कापूस विकला गेला, सवय राहिली. विसाव्या वर्षी उमरखेडचं स्थळ आलं. मुलाला बघायच्या आधीच मला त्याचं घर आवडलं होतं: एका घरात अकरा माणसं! हे हुकलं तर पुढचं स्थळ एकट्या मास्तरचं होतं. म्हणजे पुन्हा दिवसभर रिकामं घर. त्या विचारानंच माझ्या अंगाला खाज सुटायची.

आईनं बजावलं, विचारलं तेवढंच सांग, अन् हळू. मी आठ दिवस कोंबडीसमोर हळू बोलायचा सराव करायचं ठरवलं. दुसऱ्याच दिवशी ती शेजारी राहायला गेली.

पाहुणे आले, पोहे झाले. मुलाच्या आईनं विचारलं, स्वयंपाक येतो का. मी म्हटलं, "येते." ताटल्या थरथरल्या. मग सगळे गप्प. ती शांतता माझ्या चांगल्या ओळखीची होती, आणि तिच्यात काय करायचं ते एकच मला माहीत होतं.

"निंदण येते काय? येते. राग येते काय? येते, पण पोहे थंडे व्हायच्या आत जाते." मग मी मुलाकडे वळले. "तुमी काहून बोलून नाही राह्यले? लाजले काय? लाजले."

आई तोंडाला पदर लावून आत गेली. मुलाची आई ताटली ठेवून उठली, तिच्यामागे सगळे उठले. माझी अकरा माणसं दाराकडे निघाली होती.

एकटे मुलाचे वडील बसून होते. त्यांची तीस वर्षं कापसाच्या जिनिंग कारखान्यात गेलेली. यंत्रांच्या आवाजानं कान बसले होते, आणि घरचे त्यांच्याशी खुणांनीच बोलत. ते पोहे खात गालात हसत होते.

"बस खाली," ते बायकोला म्हणाले. "किती सालांनी मले एका माणसाचं पुरं बोलणं ऐकू आलं. हेच पोरगी पायजे."

लग्न झालं. सासरच्या पहिल्या सकाळी मी अंगणात विचारलं, "चहा कोणाले पायजे?" आणि सवयीनं स्वतःच उत्तर दिलं, "कोणालेच नाही." भांडी घासायला बसले. अकरा माणसं बिनचहाची एकमेकांकडे बघत राहिली.

थोड्या वेळानं नवरा मोरीपाशी आला. माझ्याशी बोललेलं त्याचं ते पहिलं आख्खं वाक्य.

"विचारलं का जराशी थांबत जाय. आमी आहो ना इथं."

तेव्हापासून विचारून झालं की मी मनात पाचपर्यंत मोजते. तीनच्या पुढे जायची वेळ अजून आलेली नाही.