वजन मागच्या पायावर

कॉलेजात असताना परभणीच्या पोहण्याच्या तलावावर जिल्ह्याची निवड होती. पन्नास मीटरला जागा एकच, आणि ती मलाही हवी होती अन् माझ्या मावसभावालाही. पोहण्यात आम्ही बरोबरीचे. निकाल सुरुवातीच्या उडीवरच लागणार होता.

म्हणून महिनाभर पेडगावच्या आमच्या विहिरीवर सराव केला. पाण्यावर ठिबकची नळी आडवी ताणली. उडी तिच्या पलीकडं पडली पाहिजे.

"तू मार, मी शूटिंग करतो," तो म्हणाला. "बारीक चुका लय भारी दिसतेत."

केवढ्या मोठ्या मनाचा भाऊ, असं मला वाटलं. अक्कल त्याची, पोट माझं. एक दिवस वजन पुढच्या पायावर, एक दिवस मागच्या. कधी हातांनी कठड्याची कड मागं ओढून झेप घ्यायची, कधी नुसतीच. आई विचारायची, "पोट कशानं लाल झालंय रे?" मी ऐटीत सांगायचो, "विज्ञान हाय, आई."

शेवटी त्यानं निकाल दिला. "वजन पुढच्या पायावरच ठेव, अन् खोल जा. खाली पाणी शांत असतंय."

निवडीच्या दिवशी मी इमानदारीनं इतका खोल गेलो, की वर आलो तेव्हा पुढं त्याचे तळवे दिसत होते. तेच शेवटपर्यंत दिसले. जागा त्याची झाली. त्याच्या गळ्यात हार मीच घातला.

परतताना बसमध्ये तो झोपला. शर्यतीचं शूटिंग बघायला त्याचा मोबाइल माझ्या हातात होता. बघता बघता विहिरीच्या उड्या लागल्या. एकीत मी वजन मागच्या पायावर टाकलेलं. बोटं, डोकं, कंबर, पाय, सगळं एकाच जागेतून पाण्यात शिरलं, नळीच्या पार पलीकडं, अन् फार खोलही नाही. मागून त्याचा आवाज: "बेकार! परत मार." ती बेकार उडी त्यानं माझ्याकडून अकरा वेळा मारून घेतली होती. सकाळी शर्यतीत त्यानं मारली ती हीच.

मी त्याला हलवून उठवलं. "ही बेकार व्हय?"

त्यानं स्क्रीनकडं पाहिलं. "तवा मलाबी कुठं कळत होतं?" म्हणाला, अन् मोबाइल खिशात घातला.

घरी आईनं त्याला पेढा भरवला. मग माझ्याकडं वळली. "अन् तुझं काय झालं रे?"

"विज्ञानाच्या कामी आलो," मी म्हणालो.

सगळे हसले. सगळ्यात आधी तो.