लेनीचा चव्वेचाळीस नंबर

अमेरिकेतल्या बफेलो शहरात, पत्र्याचे भाग दाबून काढायच्या प्रेसशॉपमध्ये काझ व्होयचिक एकतीस वर्षं माझ्या शेजारच्या मशीनवर होता. केसभर फरक पडला तरी नग बाद करायचा. असा माणूस एकदाच खोटं वागला, तेही सख्ख्या भावाशी.

त्याच्या तळघरात टेबलावर मांडायचा, विजेवरचा अमेरिकन फुटबॉल होता. पत्र्याचं मैदान. बटण दाबलं की ते थरथरतं आणि प्लास्टिकचे बावीस खेळाडू आपोआप पळू लागतात. चेंडूवाल्याने समोरची रेषा गाठायची. प्रत्येकाच्या पायाखाली बारीक काड्या असतात; चिमट्याने जशा वाकवाल तसा तो पळतो. काझ आणि त्याचा भाऊ लेनी दर रविवारी चर्चमधून आल्यावर, जेवणाआधी खेळत. अर्धा डाव मोडायचा नाही, हा नियम.

शेवटच्या रविवारी लेनीचा चव्वेचाळीस नंबरचा खेळाडू सारखा डावीकडे वळून बाहेर जात होता.

"माझ्या गड्याला हात लावलास तू!" लेनी ओरडला.

"हरायला लागलास की रडतोस," काझ म्हणाला.

त्याच गुरुवारी लेनी वारला. डाव तसाच राहिला.

मार्चमध्ये काझ घर सोडून मुलीकडे राहायला निघाला. त्या दुपारी त्याने मला बोलावलं.

"स्टॅन, काडी मीच वाकवली होती. सरळ कर. डाव पुरा करून जातो."

"आणि इतके दिवस तोंड शिवलं होतंस?"

"बडबडू नकोस. काम कर."

मी खेळाडूची जागा पेन्सिलने आखली, मग त्याला उचललं. भिंग लावून काड्या सरळ केल्या, सपाट काचेवर ठेवून तपासल्या. लेनीच्या खुर्चीत बसलो, बटण दाबलं. चव्वेचाळीस नंबर चार बोटं सरळ गेला, उजवीकडे वळला आणि काझच्या पुढ्यात कडेला येऊन थांबला.

"नीट कर, लेका."

"माझं काम नीटच असतं."

पुन्हा तपासलं. तीनदा मांडलं. तिन्ही वेळा तेच.

काझने टोपी काढली. "लेनी, मीच केलं रे ते. आता पळ."

मी बटण दाबलं. एकवीस जण सैरावैरा पळाले. चव्वेचाळीस नंबर आखल्या जागेवरून हलला नाही. मी त्याच्या शेजारी बोट टेकवलं. बाकी मैदानाची थरथर कडेला टेकलेल्या माझ्या कोपरात जाणवत होती. तिथला पत्रा मात्र गार आणि निश्चल होता.

वरून आयरीनने, त्याच्या मुलीने, हाक मारली. "डॅड, चला ना! सगळी खोकी गाडीत भरली."

काझ उठला नाही.

"तिला म्हणावं, उतरव खोकी," तो म्हणाला. "हा अजून बोलत नाहीये माझ्याशी."